सहा आठवड्यांनंतरचा आकडा: मोतीबिंदू शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातली गणेश मंडळं, पतसंस्था, विकास सोसायट्या आणि नेत्यांच्या वाढदिवसाला मोफत नेत्र शिबिर भरवणारे सर्व कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की आपल्याकडं फलक लागायला सुरुवात होते. 'भव्य मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर', वेळ सकाळी दहा ते दोन, येताना आधार कार्ड व रेशन कार्ड सोबत आणावे. मी नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून ग्रामीण रुग्णालयांत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही अशा शिबिरांच्या टेबलामागं बसतो. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या पट्ट्यातली कितीतरी माणसं तुमच्यामुळं पुन्हा स्वतःच्या पायानं हिंडू लागली, हे मी पाहिलं आहे. तुमची पोरं म्हाताऱ्यांना हाताला धरून गाडीत बसवतात, स्वतःच्या खिशातून चहा-नाश्ता देतात, रात्री उशिरा त्यांना घराच्या दारात सोडतात. तुम्ही नसता तर यांतली निम्मी माणसं मिरजेपर्यंत पोचली नसती. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितोय. जो काम करतो त्याच्याकडंच हक्कानं मागता येतं.

मागणं एकच आहे. शिबिर झाल्यावर तुम्ही पेपरात बातमी देता, तिच्यात दोन आकडे असतात: तपासणी किती जणांची झाली आणि शस्त्रक्रिया किती जणांच्या झाल्या. त्यात तिसरा आकडा घाला. सहा आठवड्यांनी त्यांतल्या किती जणांना नीट दिसत होतं? तो आकडा चांगला यावा म्हणून शिबिराच्या आधी आणि नंतर जे करावं लागतं, ते काम अंगावर घ्या.

ही माझ्या एकट्याच्या डोक्यातली गोष्ट नाही. मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं मोतीबिंदूसाठी २०३० पर्यंतचं जे उद्दिष्ट ठरवलं, ते किती शस्त्रक्रिया झाल्या या मोजणीवर ठेवलेलंच नाही. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज होती त्यांतल्या किती जणांची झाली, आणि झाल्यावर त्या डोळ्याला खरोखर चांगलं दिसू लागलं का, असा दोन्हींचा मिळून हिशेब करायचा आणि ती टक्केवारी ३० अंकांनी वर न्यायची, असं ठरलं. म्हणजे डोळ्यात भिंग बसलं पण दिसेना, तर तो डोळा जमेत धरायचा नाही. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तरीही २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या आंधळ्या माणसांपैकी जवळजवळ ६६ टक्के जणांचं अंधत्व निव्वळ मोतीबिंदूमुळं आलेलं आढळलं. तिघांतले दोघं. आणि यावरचा इलाज तर तालुक्या-जिल्ह्याच्या गावी मिळतो, तोही बहुतेक ठिकाणी फुकट.

मोतीबिंदू म्हणजे काय, हे तुमच्या स्वयंसेवकांना सांगता आलं पाहिजे, कारण गावातली माणसं डॉक्टरांच्या आधी त्यांनाच विचारतात. डोळ्याच्या बाहुलीमागं एक पारदर्शक भिंग असतं, पाण्याचं आणि प्रथिनांचं बनलेलं. वय वाढतं तशी ही प्रथिनं एकमेकांत गुंतून त्यांच्या गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होतं. डोळ्यावर बाहेरून पडदा येत नाही, त्यामुळं तो पुसून, धुऊन किंवा मधाचे थेंब घालून जाण्यातला नाही. मोतीबिंदू विरघळवणारं कोणतंही औषध आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. मधुमेह, विडी-तंबाखू, जन्मभर उन्हात केलेलं काम, डोळ्याला लागलेला मार, आणि अंगदुखीवर महिनोन्‌महिने खाल्लेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांनी तो लवकर येतो. चुलीच्या धुराचाही संबंध अभ्यासांत दिसला आहे.

सुरुवात ओळखायला माणसं चुकतात. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं, डोळे दिपतात, भर उन्हात सावलीपेक्षा कमी दिसतं. निळी साडी काळपट वाटू लागते. आणि एक फसवी खूण आहे: साठीच्या पुढं एखाद्याचा जवळचा चष्मा अचानक सुटतो. अण्णा पारावर कौतुकानं सांगतात, आता मी बिनचष्म्याचा पेपर वाचतो. भिंगाचा मधला भाग घट्ट झाला की डोळ्याचा नंबर उणेकडं सरकतो आणि जवळचं काही काळ स्पष्ट दिसतं. नजर सुधारलेली नसते, मोतीबिंदू सुरू झालेला असतो. असे अण्णा तुमच्या पाहण्यात असतील, तर त्यांचं नाव यादीत घ्या.

आता 'पिकू द्या' या गोष्टीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त डोळे याच दोन शब्दांपायी वाया गेले. आपल्या आज्या-पणज्या हे सांगत होत्या तेव्हा त्यांचं खोटं नव्हतं. त्या काळी गढूळ भिंग आवरणासकट अख्खं बाहेर काढत. जखम मोठी, टाके, कित्येक दिवस उताणं पडून राहायचं, आणि नंतर आयुष्यभर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचेचा चष्मा. त्या चष्म्यातून सगळं मोठं आणि वाकडं दिसायचं. मग दुसऱ्या डोळ्यानं भागतंय तोवर कशाला घाई, हा व्यवहार बरोबरच होता. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये केली. पण आपल्या गावखेड्यांपर्यंत ते यायला नव्वदचं दशक उजाडलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबनं १९९२ पासून स्वस्त भिंगं बनवायला घेतली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्यानं महाराष्ट्रासह सात राज्यांत जो मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात भिंगाची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत रुळली. तेव्हापासून थांबण्याचं कारण संपलं, पण सल्ला मात्र तसाच तोंडात राहिला.

आज थांबण्यात तोटाच आहे. फार पिकलेलं भिंग टणक होतं, काढताना डोळ्याला जास्त इजा पोचते. काहींचं भिंग फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाब एकदम वाढतो, डोळा लालबुंद होतो, डोकं फुटायची वेळ येते, उलट्या होतात, आणि त्या दाबानं डोळ्याची नस मेली तर पुढं कितीही चांगलं ऑपरेशन झालं तरी नजर येत नाही. असा डोळा घेऊन रात्री आलेली माणसं मी पाहिली आहेत. घरचे सांगतात, 'आम्ही पिकायची वाट बघत होतो.' ऑपरेशन कधी करायचं याचं माप सोपं आहे: दिसत नसल्यामुळं रोजच्या कामाला अडायला लागलं की करायचं. आणि पिकायची वाट बघणारा माणूस तेवढ्या वेळात पडतो, माकडहाड किंवा खुबा मोडून घेतो. मोतीबिंदू काढल्यावर असं पडणं-झडणं कमी होतं, हे अभ्यासांत आढळलं आहे.

तसंच 'थंडीतच करायचं, उन्हाळ्यात डोळा बिघडतो' हेही आता धरून बसायला नको. थेंब आणि स्वच्छता सांभाळली तर ऋतूचा काही संबंध नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या जिल्ह्यात थंडीची शिबिरं कामाच्या ऐन धांदलीत येतात. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात, जतकडची माणसं ऊसतोडीच्या टोळ्यांवर गेलेली असतात, तासगाव-कवठेमहांकाळात जानेवारीपासून द्राक्षांची काढणी. घरात म्हातारा-म्हातारी आणि शाळेतली पोरं. डोळ्यात थेंब घालायला माणूस कुठून आणायचा?

आणि इथंच शिबिरात कोण येत नाही, हा प्रश्न उभा राहतो. जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिबिर होतं. एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांनी आजींच्या खांद्यावर हात ठेवलेला, आजी पुढं. वऱ्हांड्याच्या पायरीपाशी आजींनी आधी पायानं चाचपलं, मग चढल्या, तेव्हा मला शंका आली. आजोबांचं नाव लिहून झाल्यावर मी म्हटलं, आजी, तुमचेही बघू या का डोळे? 'माझं काय न्हाई, त्यांचंच बघा.' तरी बसवलं. तीन मीटरवरून बोटं दाखवली, तर एकाही डोळ्यानं मोजता येईनात. आजोबांना त्याच अंतरावरून उजव्या डोळ्यानं मोजता येत होती. ज्यांना जास्त दिसत होतं ते रुग्ण म्हणून आले होते, आणि ज्यांना दिसतच नव्हतं त्या त्यांना वाट दाखवत आल्या होत्या. रस्ता पायाखालचा, म्हणून.

विचारलं, आजी, भाकरी कशी करता? 'वासावर कळतंय की, भाजली का न्हाई.' मनगटापासून वर हातावर चटक्यांचे जुने-नवे डाग होते. ऑपरेशनला मात्र त्या तयार होईनात. सून आणि मुलगा टोळीवर, घरात दोन शेळ्या आणि नातू. 'मी दवाखान्यात बसलो तर ह्यास्नी जेवाय कोण घालंल?' त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती, त्यांना घराची काळजी होती. शेवटी शिबिराच्या एका कार्यकर्त्यानं शेजारणीशी बोलून चार दिवसांची शेळ्यांची आणि जेवणाची सोय लावली, आजोबांचं त्या खेपेला झालं, आणि आजींचं गुढीपाडव्यानंतर सून परत आल्यावर. त्या कार्यकर्त्यानं पाडव्याची आठवण ठेवून गाडी पाठवली. मला विचाराल तर त्या सबंध शिबिरातलं सगळ्यात मोठं काम ते होतं, आणि ते कुठल्याच आकड्यात आलं नाही.

बायका शस्त्रक्रियेपर्यंत कमी पोचतात, हे देशोदेशी दिसून आलेलं आहे, आपल्याकडंही तेच. घरातल्या पुरुषाला दिसेनासं झालं की त्याचं बाहेरचं काम थांबतं आणि सगळ्यांच्या लक्षात येतं. बाई मात्र घर हातानं ओळखते. डबे कुठं, चूल कुठं, पाण्याची घागर कुठं, सगळं तिला बोटांनी माहीत. त्यामुळं ती आंधळी झाल्याचं घरालाही कळत नाही. तुमच्या स्पीकरवरच्या पुकाऱ्यानं ती येणार नाही. तिच्या दारात जावं लागेल.

म्हणून शिबिराच्या आधी यादी करा. गावठाणात आणि वाड्या-वस्त्यांवर, मळ्यात राहणाऱ्यांकडं, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांकडं जाऊन पन्नाशीपुढचा प्रत्येक माणूस तपासा. यंत्र लागत नाही. अंगणात उजेडात माणसाला उभं करायचं, त्याच्या तळव्यानं एक डोळा न दाबता झाकायचा, सहा मीटरवर उभं राहून बोटं दाखवायची, कधी दोन, कधी चार, कधी एक. मग दुसरा डोळा. सहा मीटरवरून जमत नसेल तर तीन मीटरवर या. चष्मा असेल तर चष्मा लावूनच. चांगल्या डोळ्यानंही तीन मीटरवरून बोटं मोजता न येणाऱ्याला आपला राष्ट्रीय कार्यक्रम २०१७ पासून अंध धरतो. त्या आधी ही रेषा सहा मीटरवर होती. तीन मीटरवाले सगळ्यात आधी न्यायचे, सहा मीटरवाले त्यांच्या मागोमाग. ज्यांना बोटं मोजता येतात पण सुई ओवता येत नाही, रात्री रस्ता ओलांडायची भीती वाटते, तेही यादीत हवेत, फक्त त्यांना घाई नाही. गावातल्या आशाताईंना सोबत घ्या. कुणाच्या घरात कोण अंथरुणाला आहे, हे त्यांना माहीत असतं. यादीत बायका निम्म्याहून कमी निघाल्या तर यादी अपुरी आहे असं समजा आणि पुन्हा फिरा. फिरताना एखाद्या लहान मुलाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर मात्र शिबिराची वाट बघू नका. त्याला त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात न्या. मुलाचा डोळा वेळेत उघडला नाही तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही.

याच फेरीत रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. उपकेंद्रात ही सोय असते. दर शिबिरात काही जण मिरज-सांगलीला जातात आणि साखर वाढली म्हणून तसेच परत येतात. परत आलेला माणूस दुसऱ्यांदा घराबाहेर निघत नाही. पंधरा दिवस आधी कळलं तर गोळ्या नीट करून तो त्याच खेपेला पार पडतो. चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्यायला सांगा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना न विसरता सांगायचं, कारण त्या गोळीनं बाहुली ऑपरेशनच्या वेळी ढिली पडते. आधी माहीत असलं की डॉक्टर तयारीत राहतात. कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

ज्या रुग्णालयाशी तुम्ही जोडून घेता, त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: प्रत्येक डोळ्याची मोजणी करून भिंगाचा नंबर ठरवता का? बुबुळाची गोलाई आणि डोळ्याची लांबी मोजावी लागते. लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीनचा फरक पडतो. चांगली रुग्णालयं हे करतातच, पण तुम्ही विचारलं की गर्दीच्या दिवशीही ते सुटत नाही. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडिनचे थेंब, प्रत्येक रुग्णाला निर्जंतुक केलेली वेगळी हत्यारं, हेही विचारायला संकोच नको. पूर्वी शाळेत, धर्मशाळेत टेबलं मांडून ऑपरेशनं व्हायची. आता शिबिरात फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या थिएटरमध्येच, हे पक्कं धरा. आपल्याला ते अवघडही नाही. १८९४ साली मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय काढल्यापासून कर्नाटकातली माणसंसुद्धा इलाजाला मिरजेत येतात. आपण तर जिल्ह्यातलेच.

ऑपरेशनमध्ये काय होतं, हे लोकांना आधी सांगितलं की निम्मी भीती जाते. डोळा बाहेर काढत नाहीत. थेंबांनी किंवा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो. हरभऱ्याच्या घाट्याला एका बाजूनं तोंड करून दाणा काढून घ्यावा आणि टरफल तसंच ठेवावं, तसं भिंगाचं आवरण जागेवर ठेवून आतला गढूळ भाग काढतात आणि त्याच आवरणात नवं भिंग बसवतात. साधारण पंधरा-वीस मिनिटांचं काम. फेको नावाच्या पद्धतीत दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात. लोक त्याला लेसर म्हणतात, ते लेसर नाही. दुसऱ्या पद्धतीत छेद सहा-सात मिलिमीटरचा असतो, पण तो असा तिरका घेतात की तोही बहुधा टाक्यांशिवाय मिटतो. 'आमच्या वडलांना साधं ऑपरेशन केलं, शेजाऱ्यांना भारी केलं' ही खंत मी नेहमी ऐकतो. पुण्यात या दोन पद्धतींची तुलना करणारा अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी चष्मा लावून बघितलं तर दोन्हीकडची नजर सारखीच निघाली. चष्म्याविना फेकोवाले काहीसे पुढं होते. फार टणक मोतीबिंदूला तर अनुभवी हाताची मोठ्या छेदाची पद्धतच पुष्कळदा बरी पडते.

चष्मा लावून सारखीच, हे शब्द नीट लक्षात घ्या, कारण शिबिराचं काम नेमकं इथं अर्धवट राहतं. आपण दुसऱ्या दिवशी पट्टी काढतो, काळे चष्मे वाटतो, रांगेचा फोटो काढतो आणि माणसं घरी पोचवतो. जखम भरून नंबर स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर तपासणी होऊन चष्मा मिळाला, तर त्या शस्त्रक्रियेचं पूर्ण फळ. साध्या भिंगाला जवळच्या कामासाठी चष्मा लागतोच, हे आधी सांगितलं नाही तर माणूस म्हणतो, ऑपरेशन फसलं, आणि शेजारच्या चौघांना जाऊ नका म्हणून सांगतो. मी शिबिरांत दुसऱ्या वर्षी आलेली अशी माणसं बघितली आहेत, ज्यांचं ऑपरेशन उत्तम झालं होतं आणि फक्त एका चष्म्यावाचून ज्यांना वर्षभर अर्धवटच दिसत राहिलं. सहा आठवड्यांनी तुमच्याच मंडपात, त्याच माणसांसाठी, अर्ध्या दिवसाची दुसरी बैठक घ्या. नंबर काढा, चष्मे द्या, दुसऱ्या डोळ्याची तारीख तिथंच ठरवा. एका डोळ्यावर भागतंय म्हणून दुसरा डोळा वर्षानुवर्षं राहून जातो. तिसरा आकडा याच बैठकीत मिळेल.

मधले सहा आठवडे थेंबांचे. दिवसातून किती वेळा, कोणत्या आठवड्यात किती कमी करायचे, हा कागद माणूस घडी घालून बटव्यात ठेवतो आणि विसरतो. शिवाय जत तालुक्यातल्या उमदी-संखकडच्या कितीतरी आज्यांना मराठी वाचणं सोडाच, नीट समजतही नाही, त्यांची बोली कन्नड. त्यांना कन्नडमध्ये समजावून सांगणारा एक माणूस रुग्णालयात बरोबर पाठवा. थेंब घरातल्या दुसऱ्यानं घालायचे, साबणानं हात धुऊन, खालची पापणी ओढून, बाटलीचं टोक डोळ्याला लागू न देता. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीपाशी, कडबा कापायच्या यंत्रापाशी आणि हळदीच्या धुरळ्यात जायचं नाही, जड उचलायचं नाही. आणि ठळक अक्षरात लिहून द्या: डोळा जास्त दुखू लागला, लाल झाला, घाण येऊ लागली किंवा आलेली नजर कमी झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचं. आत जंतुसंसर्ग झाला तर सकाळपर्यंत थांबणंही महागात पडतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर रात्री अकरा वाजता गाडी कोण काढणार, त्याचा फोन नंबर त्या कागदावर असला पाहिजे. एसटीचं तिकीट पंचाहत्तरीपुढं माफ आहे, बायकांना अर्धं आहे, पण सोबत येणाऱ्याची हजेरी बुडते आणि रात्री एसटी नसते. मंडळाचा पैसा इथं खर्च करा. हार-शालींतून वाचवला तरी पुरेल. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कुणाला पुन्हा धूसर दिसू लागलं तर घाबरवू नका. मागं ठेवलेलं आवरण गढुळलेलं असतं, ते लेसरनं काही मिनिटांत मोकळं होतं.

शेवटी त्यांच्याबद्दल, ज्यांना तपासणीच्या टेबलावर 'तुमचं ऑपरेशन होत नाही' असं सांगितलं जातं. तुमच्या बातमीत ते तपासणीच्या आकड्यात येतात आणि नंतर कुठंच नसतात. त्यांतल्या कुणाला काचबिंदू असतो. त्यात डोळ्याच्या दाबानं नस सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही, पण रोजच्या थेंबांनी उरलेली टिकते. कुणाचा डोळ्याच्या आतला मागचा पडदा मधुमेहानं खराब झालेला असतो, त्याला वेळेत लेसर किंवा इंजेक्शन मिळालं तर काही वाचतं. ही माणसं 'होत नाही' एवढंच ऐकतात, घरी जातात आणि डोळे हळूहळू पूर्ण जातात. यांची वेगळी वही ठेवा आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा सांगलीच्या सिव्हिलमध्ये यांना एकदा तरी तुमच्या माणसासोबत पाठवा. मोतीबिंदूवाल्यांपेक्षा यांना तुमची गरज जास्त आहे.

हे सगळं केलं तर एका शिबिरात दोनशेऐवजी कदाचित ऐंशीच माणसं होतील. तेवढीच करा. जिल्हाभर एकदम नको, पहिल्या वर्षी एकच गाव त्याच्या वाड्या-वस्त्यांसह घ्या. यंदाची तारीख ठरली असेल तर यादीचं काम तिच्या तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवं. ज्यांच्या घरात आत्ता माणूस नाही त्यांच्या नावापुढं 'पाडव्यानंतर' असं लिहून ठेवा. बोटं मोजायची पद्धत, थेंब घालायची पद्धत आणि वह्या कशा ठेवायच्या, हे शिकवायला एक संध्याकाळ पुरते. जत असो, आटपाडी असो, शिराळा असो, दहा-पंधरा पोरं आणि तेवढ्याच मुली जमवा. मुली जरूर, कारण आज्या त्यांच्याशी मोकळं बोलतात. निरोप द्या, मी येतो.

आपला,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी
तासगाव, जि. सांगली